जुन्या सेंटसारखा नवा सेंट सापडत नाही: दुकानात जुळणारा वास संध्याकाळी का फसतो आणि त्यावर काय करावे

वर्षानुवर्षे एकच सेंट वापरणाऱ्या माणसांची तक्रार साधारणपणे दोन प्रकारची असते. पहिली अशी, की नवी बाटली आणली, नाव तेच, खोका तोच, पण वास तो राहिलेला नाही. दुसरी अशी, की कंपनीने तो सेंट बंदच केला आणि त्याच्यासारखा म्हणून घेतलेला प्रत्येक नवा सेंट दुकानात अगदी जुळल्यासारखा वाटतो, पण घरी आणून दिवसभर वापरला की परका वाटू लागतो. या दुसऱ्या प्रकारात पैसे पुन्हा पुन्हा वाया जातात आणि कपाटात अर्धवट वापरलेल्या बाटल्या साचत राहतात.

कोकणात ही अडचण जरा जास्तच जाचते. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी अशा ठिकाणी टेस्टर उघडून मांडलेली दुकाने मोजकी आहेत, आणि त्यापलीकडच्या गावांत तीही नाहीत. बरीच खरेदी गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीतून, आखातातून सुटीवर आलेल्या नातेवाइकाच्या बॅगेतून किंवा ऑनलाइन, म्हणजे वास न घेताच होते. सील उघडलेली बाटली बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत. त्यामुळे आधी नीट निदान करून मगच नवी बाटली मागवणे इथे अधिक गरजेचे आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे या शोधातली गफलत बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते. बाटली उघडल्यावर पहिल्या पाच-दहा मिनिटांत येणारा वास आपण ताडून पाहतो, पण मनात घर करून बसलेला असतो तो संध्याकाळी पदराला, ओढणीला किंवा सदऱ्याच्या कॉलरला उरलेला वास. हे दोन्ही वास एकाच बाटलीतले असले तरी वेगवेगळ्या द्रव्यांचे असतात. लिंबू, संत्रे, बर्गामोट (लिंबाच्या जातीचे एक सुवासिक फळ) यांसारखी हलकी द्रव्ये पाव-अर्ध्या तासात उडून जातात. फुलांचा मधला भाग दोन-चार तास राहतो. चंदन, वाळा, कस्तुरीसारखी कृत्रिम द्रव्ये, व्हॅनिला, राळ, शेवाळी वासाची द्रव्ये हा तळ त्यानंतर कितीतरी वेळ, कापडावर तर दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. दुकानात उभे राहून आपण फक्त वरचा थर पाहतो आणि तेवढ्यावर निर्णय घेतो.

आधी हे पाहावे: बदल बाटलीत आहे, नाकात आहे की सूत्रात

सेंट बदलला असे वाटले की लगेच पर्याय शोधायला लागू नये. कारण चार असू शकतात: बाटली जुनी होऊन बिघडली असेल, आपले नाक त्या वासाला सरावले असेल, कंपनीने सूत्र बदलले असेल किंवा हाती आलेली बाटली नकली असेल. चारही कारणांवरचे उपाय निराळे आहेत.

बिघडलेल्या बाटलीची परीक्षा सोपी आहे. आपल्याकडे मे महिन्यातला उकाडा, खिडकीतून येणारे ऊन आणि पत्र्याच्या किंवा कौलाच्या छपराखाली तापणारी खोली या गोष्टी सेंटला मानवत नाहीत. उष्णता, प्रकाश आणि बाटलीत शिरलेली हवा यांचा पहिला परिणाम वरच्या हलक्या द्रव्यांवर होतो, म्हणून फवारल्या क्षणी टर्पेंटाइनसारखा किंवा नेलपॉलिशसारखा तीव्र दर्प येतो. अशा वेळी कागदाच्या पट्टीवर एक फवारा मारून पट्टी अर्धा तास मोकळ्या हवेत ठेवावी. दर्प निघून गेल्यावर जुना ओळखीचा वास परत येत असेल, तर सूत्र बदललेले नसून ती बाटलीच जुनी झालेली आहे, आणि त्याच सेंटची ताजी बाटली घेतल्यास प्रश्न मिटू शकतो. रंग गडद झाला म्हणजे सेंट बिघडलाच असे मात्र समजू नये. व्हॅनिलिन, इंडोल किंवा मिथाइल अँथ्रॅनिलेट असलेले सेंट, म्हणजे गोडसर आणि पांढऱ्या फुलांचे सेंट, वास शाबूत असतानाही तपकिरी होत जातात.

नाकाची परीक्षा लोक सहसा टाळतात, पण ती टाळू नये. रोज तोच वास घेतला की मेंदू त्याची दखल घेणे कमी करतो. आपल्याला सेंट फिका वाटत असतो आणि शेजारी बसलेल्या माणसाला तो भरपूर जाणवत असतो. काही दिवस तो सेंट पूर्ण बंद ठेवून पुन्हा लावून पाहावा आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला विचारावे. वय वाढल्यावर, सततच्या सर्दीने किंवा कोविडनंतर घ्राणशक्ती कमी झालेली किंवा वास विपरीत भासू लागलेली माणसेही आहेत. त्यासाठी घरातल्याच ओळखीच्या वस्तू हुंगून पाहाव्यात, पण त्यात कापूर, निलगिरी किंवा पुदिना घेऊ नये. त्यांचा थंडावा आणि झिणझिण वेगळ्या मज्जातंतूमार्फत जाणवते, त्यामुळे वास नीट न येणाऱ्या माणसालाही ती जाणवते आणि परीक्षा फसते. सुकी बकुळीची फुले, किसलेले जायफळ किंवा कॉफीची पूड यांचा वास पूर्वीसारखा येतो का, ते पाहावे. तो येत नसेल, तर नवा सेंट शोधण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाणे योग्य. कस्तुरीसदृश काही मोठ्या रेणूंचा वास मुळातच अनेकांना येत नाही, हेही इथे ध्यानात ठेवावे. दोन माणसांचे एकाच सेंटबद्दलचे मत टोकाचे वेगळे असते, त्याचे हे एक कारण आहे.

सूत्र बदलल्याची शंका असेल, तर ती बऱ्याचदा खरी असते, आणि त्यामागे केवळ कंपनीची काटकसर नसते. सुगंधी द्रव्यांच्या सुरक्षित वापराचे निकष ठरवणारी इफ्रा ही आंतरराष्ट्रीय संघटना १९७३ साली स्थापन झाली. तिचे निकष वेळोवेळी बदलत आले आहेत आणि मोठे सुगंध-उत्पादक ते पाळतात. युरोपीय संघाने तर काही द्रव्यांवर कायद्यानेच बंदी घातली. ओकमॉसमधल्या दोन घटकांचे उदाहरण त्यात महत्त्वाचे. ओकच्या झाडावर वाढणारे हे दगडफूल, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्याच कुळातले. ओलसर, मातकट, किंचित कडवट असा त्याचा वास गेल्या शतकातल्या कितीतरी सेंटचा पाया होता. त्यातले अ‍ॅट्रॅनॉल आणि क्लोरोअ‍ॅट्रॅनॉल हे घटक त्वचेची अ‍ॅलर्जी निर्माण करतात असे दिसल्यामुळे २०१७ च्या नियमाने ते दोन्ही, आणि त्यांच्या जोडीला लायरल हे फुलांच्या वासाचे कृत्रिम द्रव्य, बाद झाले. ऑगस्ट २०२१ नंतर अशा मालाची विक्रीही तिथे थांबली. मग १ मार्च २०२२ पासून लिलिअल या द्रव्यावर बंदी आली. लिली ऑफ द व्हॅली या फुलाचे तेल काढता येत नाही, त्याचा वास कृत्रिम द्रव्यांतूनच उभा करावा लागतो, आणि लायरल व लिलिअल ही त्या कामातली दोन मुख्य द्रव्ये होती. त्यामुळे नितळ, साबणासारखा स्वच्छ पांढऱ्या फुलांचा वास असलेल्या सेंटची नव्याने जुळणी करावी लागली. चंदनाचे दुखणे निराळे आहे. झाडात सुवासिक गाभा धरायला दशके लागतात, म्हैसूरचे तेल दुर्मीळ आणि महाग झाले, आणि त्याची जागा ऑस्ट्रेलियातल्या लागवडीतल्या चंदनाने किंवा सँडलोर, जावानॉल अशा कृत्रिम द्रव्यांनी घेतली.

या यादीकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. दगडफूल, चंदन, लायरल, लिलिअल, या सगळ्या मधल्या आणि तळाच्या जागा आहेत. वरचा लिंबू-संत्र्याचा थर बव्हंशी जसाच्या तसा ठेवता येतो. म्हणूनच नवी बाटली उघडताक्षणी तीच वाटते आणि संध्याकाळी ती नसते.

हे पडताळायला जुना आणि नवा खोका शेजारी ठेवून घटकांची यादी वाचावी. युरोपात २००५ पासून अ‍ॅलर्जी होऊ शकणाऱ्या २६ सुगंधी घटकांची नावे यादीत छापणे बंधनकारक झाले (२०२३ च्या नियमाने ही संख्या आणखी वाढवली आहे), म्हणून तिथून आलेल्या मालावर ती सापडतात. जुन्या खोक्यावर ब्यूटाइलफेनिल मिथाइलप्रोपिओनल हे नाव असेल आणि नव्यावर नसेल, तर लिलिअल काढलेले आहे. एव्हर्निया प्रुनास्ट्री दिसत असेल, तर तो ओकमॉस. कुमरिन असेल तर सुकलेल्या गवतासारखा गोडवा, अल्फा-आयसोमिथाइल आयोनोन असेल तर पावडरसारखा व्हायोलेटचा भाग, सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिओल असतील तर बहुधा गुलाबाचा भाग, युजेनॉल असेल तर लवंगेचा. यादीत एक टक्क्याहून कमी असलेले घटक कोणत्याही क्रमाने छापता येतात, त्यामुळे शेवटच्या नावांच्या क्रमावरून प्रमाणाचा अंदाज बांधू नये.

नकली मालाबद्दल थोडक्यात: खोक्यावरचा आणि बाटलीच्या बुडावरचा बॅच क्रमांक एकच असला पाहिजे, आणि बाजारभावाच्या निम्म्या किमतीत मिळणारी ‘फर्स्ट कॉपी’ ही पर्याय म्हणूनही घेऊ नये, कारण त्वचेवर आपण काय लावत आहोत हे तिच्या बाबतीत कळायला मार्ग नाही.

हरवलेला भाग ओळखणे

हे काम सगळ्यात जास्त वेळ घेते आणि बहुतेक लोक नेमके हेच गाळतात. जुन्या सेंटचा नमुना हाताशी हवा. बाटली रिकामी झाली असली तरी टाकू नये. टोपणाच्या आत आणि फवाऱ्याच्या तोंडाशी चिकटलेला अंश मुख्यत्वे तळाच्या द्रव्यांचाच असतो, आणि आपल्याला तोच हवा आहे. तेही नसेल तर कपाटात न धुता राहिलेला स्कार्फ, शाल, लग्नाकार्यात नेसून घडी घातलेली साडी शोधावी. डांबराच्या गोळ्या टाकलेल्या ट्रंकेतले कापड मात्र उपयोगाचे नाही.

वेंगुर्ल्याला राहणाऱ्या माझ्या मावशीसाठी हा शोध केला, तेव्हा तिच्याजवळ जुन्या बाटलीच्या तळाशी बोटभरही सेंट उरलेला नव्हता, पण टोपण होते. टोपणाच्या आतल्या कडेला मधासारखे दाट, पिवळट वलय सुकून बसले होते. कागदाची पट्टी तिथे घासून आम्ही ती तिच्या हातात दिली. त्याआधी ती हा सेंट ‘जाईचा’ आहे असे सांगत असे, आणि तिच्यासाठी मुंबईहून येणारी प्रत्येक बाटली म्हणूनच जाई-मोगऱ्याची असे. पट्टी हुंगल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ह्यात जाई नाहीच गो. हा तर वाळा, आणि पावसातल्या चिऱ्याच्या भिंतीचा वास.” ओलसर दगडाचा तो वास म्हणजे दगडफूल, त्याखाली वाळा आणि चंदन. जाई होती ती पहिल्या तासापुरती. तिच्या मनात राहिलेला सेंट हा जाईच्या खालचा सेंट होता.

या कामाला परदेशी नावे लागत नाहीत. वास सांगण्यासाठी कोकणातल्या माणसाजवळ भरपूर सामग्री आहे आणि ती नेमकी आहे. सुकल्यावरही महिनोन्‌महिने टिकणारा, कोरडा आणि मधाळ तो बकुळीचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेंगुर्ल्याजवळच्या आसोली-आरवली भागातून सुरंगीचे वळेसर, म्हणजे गजरे, बाजारात येतात, तेव्हा सगळा रस्ता भरून टाकणारा तो जड, गोड, किंचित मादक वास. तिच्या सुकवलेल्या कळ्याही सुगंधाच्या व्यापारात जातात. सोनचाफ्यात पिकलेल्या फळाची झाक आहे. केवडा टोकदार आहे आणि दुरून ओळखू येतो. जाई आणि मोगरा ही एकाच कुळातली फुले असली तरी मोगऱ्यात हिरवटपणा अधिक आणि जाईत मऊपणा अधिक. संध्याकाळी उरलेला वास यांतल्या कशाजवळ जातो, तो गोड आहे की कडवट, कोरडा की ओलसर, पावडरसारखा की तेलकट, एवढे पट्टी हातात धरून लिहून काढावे. पट्टीवर दहा मिनिटांनी, तासाने, चार तासांनी आणि दुसऱ्या सकाळी काय येते, ते निरनिराळे लिहावे.

त्यानंतर ही टिपणे खोक्यावरच्या आणि संकेतस्थळांवरच्या नावांशी जोडता येतात. वाळा हवा असेल तर व्हेटिव्हर पाहावे, नागरमोथा असेल तर सिप्रिओल, निशिगंध असेल तर ट्यूबरोज, मोगरा असेल तर जॅस्मिन संबॅक, जाई असेल तर जॅस्मिन ग्रँडिफ्लोरम, सोनचाफा असेल तर चंपका, सोनटक्का असेल तर व्हाइट जिंजर लिली, दगडफुलाचा ओलावा असेल तर मॉस. अनंताच्या वासासाठी गार्डेनिया लिहिलेले सेंट मिळतात, पण ते बहुतेक सगळे इतर द्रव्यांतून जुळवलेले असतात आणि अंगणातल्या अनंताच्या अपेक्षेने घेतल्यास निराशा होते. ‘मरीन’ किंवा ‘अ‍ॅक्वा’ लिहिलेल्या सेंटचेही तसेच आहे. त्यांतला वास बव्हंशी कॅलोन या १९६६ साली सापडलेल्या द्रव्याचा असतो, आणि तो कलिंगडाच्या पातळ फोडीजवळ जातो. मालवणच्या किनाऱ्यावरच्या वाऱ्याशी त्याचा संबंध फार थोडा.

सेंटचे घराणे कळले तर शोध आणखी आवळता येतो. दगडफूल, बर्गामोट आणि राळ यांवर उभे असलेले सेंट शिप्र घराण्यातले, कोटी या फ्रेंच अत्तरकाराच्या १९१७ सालच्या सेंटवरून हे नाव रूढ झाले. लॅव्हेंडर, कुमरिन आणि दगडफूल एकत्र आले की फुजेर. त्याचा आरंभ १८८२ च्या फुजेर रोयाल या सेंटपासून मानतात, आणि सलूनमध्ये दाढीनंतर लावल्या जाणाऱ्या जुन्या पद्धतीच्या लोशनचा वास साधारण याच घराण्यातला असतो. वडिलांच्या किंवा आजोबांच्या सेंटचा पर्याय शोधणाऱ्यांनी आधी फुजेर पाहावे, हे मी आवर्जून सांगेन.

नवा सेंट पारखताना

एका वेळी दोन, फार तर तीन सेंट पाहावेत. त्यापुढे नाक थकते. दुकानात मधे हुंगायला कॉफीच्या बिया ठेवलेल्या असतात, पण त्यांनी विशेष फायदा होत नाही. बाहेर मोकळ्या हवेत दोन मिनिटे उभे राहणे किंवा स्वतःची बाही हुंगणे तेवढेच उपयोगी पडते. पट्टीवर नाव लिहावे, पिशवीत वेगवेगळ्या कागदांत गुंडाळावे आणि त्या दिवशी खरेदी न करता घरी यावे. जुन्या नमुन्याची पट्टी आणि नवी पट्टी शेजारी ठेवून चार तासांनी आणि दुसऱ्या सकाळी ताडावी. पहिल्या दहा मिनिटांत दोन्हींत फरक असला तरी नवा सेंट लगेच बाद करू नये. तळ जुळत असेल तर तोच उमेदवार खरा.

रत्नागिरीच्या बाजारातल्या एका अत्तरवाल्या चाचांनी हेच मावशीला माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगितले. त्यांनी काचेच्या कांडीने कापसाच्या फायाला अत्तर लावले, तो कागदात बांधून तिच्या हातात ठेवला आणि म्हणाले, “मावशी, आज पैसे देऊ नका. उद्या सकाळी हा हुंगा. तेव्हा आवडला तर या.”

पट्टीवर जुळलेला सेंट मग अंगावर आणि सुती कापडावर पाहावा, आणि तो ज्या दिवसांत वापरायचा त्याच दिवसांत पाहावा. दमट उकाड्यात वास लवकर आणि जोरात पसरतो. मुंबईच्या वातानुकूलित मॉलमध्ये मंद वाटलेला व्हॅनिला-राळेचा गोड सेंट मे महिन्यात देवगडच्या एसटीत नकोसा होतो. जुलैमध्ये कपाटातल्या कपड्यांना येणारा कुबट वास नव्या सेंटमध्ये मिसळतो आणि दोष सेंटचा वाटतो, म्हणून परीक्षेसाठी उन्हात वाळलेला कपडा घ्यावा. केसांना खोबरेल तेल असेल, तर मानेवर न फवारता मनगटावर फवारावे. रेशमावर थेट फवारू नये, डाग पडतात.

आणखी एक गोष्ट इथे बऱ्याच जणांना माहीत नसते. एकाच नावाचे ओ द टॉयलेट आणि ओ द परफ्यूम हे एकाच सेंटचे पातळ आणि घट्ट रूप असते, असा समज आहे. पुष्कळदा त्यांची जुळणीच वेगळी असते. आधीची बाटली टॉयलेट प्रकारातली असेल आणि ‘जास्त टिकेल’ म्हणून परफ्यूम प्रकार घेतला, तर वास बदललेला वाटणे स्वाभाविक आहे. जुन्या खोक्यावर प्रकार कोणता होता, ते आधी पाहावे.

कुठे शोधावे

फ्रॅग्रँटिका यांसारख्या संकेतस्थळांवर प्रत्येक सेंटच्या पानावर वापरणाऱ्यांनी सुचवलेले मिळतेजुळते सेंट दिसतात. सुरुवात तिथून करावी, पण तिथली घटकांची यादी ही कंपनीने सांगितलेली असते, सूत्र नसते. जाई, गुलाब, चंदन ही तीन नावे शेकडो सेंटवर सापडतील आणि ते एकमेकांसारखे नसतील. आपण लिहून काढलेल्या तळाच्या वर्णनाशी जुळणाऱ्या प्रतिक्रिया शोधाव्यात, विशेषतः ‘काही तासांनी’ काय उरते हे सांगणाऱ्या.

आखातात तयार होणारे, प्रसिद्ध सेंटच्या वळणावर बेतलेले सेंट हा दुसरा मार्ग. रत्नागिरी, दापोली, श्रीवर्धन, म्हसळा इकडच्या पुष्कळ घरांतली माणसे तिकडे नोकरीला असल्याने हे सेंट आपल्याकडे सहज पोहोचतात. क्रीड या महागड्या कंपनीच्या अव्हेंटस या सेंटशी जवळचा म्हणून अरमाफ या आखाती कंपनीचा क्लब द न्युई इंटेन्स मॅन जगभर ओळखला जातो. त्याची सुरुवात लिंबासारखी तीव्र आहे आणि साम्य दिसते ते पुढे, ती उतरल्यावर, असे तो वापरणारे बरेच लोक सांगतात. दुकानात पहिला फवारा हुंगून माघारी फिरणाऱ्याला हे साम्य कधीच कळणार नाही. मात्र हे सेंट सध्या चालणाऱ्या नावांवर बेतलेले असतात. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा बंद झालेला सेंट हवा असेल, तर या वाटेने फारशी आशा धरू नये.

मागवताना मोठी बाटली न मागवता दोन मिलिलिटरची नमुन्याची कुपी मागवावी. अल्कोहोल असलेला सेंट ज्वालाग्राही मालात मोडतो, त्यामुळे तो बहुधा रस्त्याने येतो आणि सिंधुदुर्गापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. कार्यासाठी हवा असेल तर तेवढी सवड ठेवावी.

तिसरा मार्ग अत्तराचा, आणि तळाचा वास हरवलेल्यांसाठी मला तो सर्वात भरवशाचा वाटतो. उत्तर प्रदेशातल्या कनौजला आजही तांब्याच्या देगेत, म्हणजे मोठ्या भांड्यात, फुले किंवा मुळे उकळून, बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यात उतरवून, त्यातल्या चंदनाच्या तेलात ती मुरवतात. वाळ्याचे, दगडफूल व मसाल्यांपासून होणारे शमामा आणि हिना ही अत्तरे जुन्या शिप्र सेंटच्या तळाशी चकित करण्याइतकी जुळतात. बाजारातल्या स्वस्त अत्तरात पुष्कळदा चंदनाऐवजी लिक्विड पॅराफिन हे बिनवासाचे खनिज तेल असते. ते ओळखायला काचेच्या छोट्या बाटलीत थोडे स्वच्छ रेक्टिफाइड स्पिरिट घेऊन त्यात अत्तराचा एक थेंब टाकावा. चंदनाचे तेल विरघळून जाते, पॅराफिनचे गढूळ थेंब वेगळे राहतात. या चाचणीत सगळी भेसळ पकडली जात नाही, पण पॅराफिन बहुधा कळते.

जवळ आले पण पुरते जुळले नाही तर

इथपर्यंत आल्यावर बहुतेक वेळा एखादा असा सेंट हाती असतो, की ज्यात काहीतरी थोडे कमी पडते. तळ उथळ वाटत असेल, तर आधी त्वचेवर वाळ्याच्या किंवा चंदनाच्या अत्तराचा अगदी पुसटसा हात फिरवावा आणि ते मुरल्यावर त्यावर सेंट फवारावा. मावशीच्या बाबतीत हेच लागू पडले: बाजारात सहज मिळणारा, हिरवट जाईचा एक साधा सेंट आणि त्याखाली शमामाचा पुसटसा हात. सेंट फार गोड वाटत असेल, तर वाळा तो गोडवा आवरतो. पावडरसारखा भाग कमी असेल, तर तो अत्तराने भरून येत नाही; तिथे दुसरा सेंटच पाहावा.

अत्तर बाटलीत ओतून मिसळू नये. पॅराफिन असलेले अत्तर अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, सेंट गढूळ होतो आणि फवारा तुंबतो. नवे अत्तर वापरण्याआधी ते कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबावे. खाज किंवा लाली आली तर ते कापडावरच वापरावे.

जुळणारी जोडी सापडली की बाटलीचा बॅच क्रमांक आणि खरेदीची तारीख कागदावर लिहून ती चिठ्ठी खोक्यातच ठेवावी, कारण या नव्या सेंटचे सूत्रही पुढे बदलू शकते. पहिल्या दिवसांतच त्याचे थोडेसे थेंब एका छोट्या काचेच्या कुपीत गळ्यापर्यंत भरून, म्हणजे आत हवा कमी राहील अशा बेताने, बंद करून कपाटाच्या खालच्या, न तापणाऱ्या खणात ठेवावेत. पुढची बाटली आली की तिची पट्टी या कुपीतल्या थेंबाशी दुसऱ्या दिवशी सकाळी ताडून पाहता येते, आणि फरक असेल तर तो नेमका कोणत्या थरात आहे हे पहिल्याच वेळी कळते.